टोपीची मागची चार बोटं

थंडी पडायला लागली की साताऱ्यात विणणाऱ्या बायकांच्या हातात आता बाळाच्या टोपड्याइतकीच 'स्लाउची' ही सैल टोपीही दिसते. कपाळाशी घट्ट रिब (ताणली जाणारी विणीची पट्टी), वर सैल अंग आणि मागे चार बोटं लोंबणारा घोळ. कॉलेजच्या मुली हौसेने मागून घेतात. ही कालपरवाची फॅशन आहे असं बऱ्याच जणींना वाटतं. सुयांवरची टोपी मात्र अगदी सुरुवातीपासूनच डोक्यापेक्षा मोठी विणली जात होती.

त्याआधी आपल्या लोकरीबद्दल सांगायला हवं. मराठीत 'विणणं' हा एकच शब्द मागालाही चालतो, सुयांनाही आणि खाटेच्या सुंभालाही. त्यामुळे हे सगळं एकाच घरातलं वाटतं. तसं ते नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा धनगरांचा आणि मेंढरांचा मुलूख. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नावाने तर मेंढीची एक जातच ओळखली जाते. इथली लोकर सनगर विणकरांच्या खड्ड्याच्या मागावर चढते. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी अंगाला ताठ लागते. लोकर ओली करून, दाबून-तुडवून जेन, म्हणजे न विणलेलं जाड लोकरी अंथरूण, करतात. पावसात घोंगडीचीच खोळ करून डोक्यावर घेतली की झालं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि राठ. तिची घोंगडी पाठीखाली पन्नास वर्षं टिकेल, पण कपाळाला ती टोचते. लोकरीच्या या मुलखात सुयांचं विणकाम उगवलं नाही, ते बाहेरून आलं.

सुयांवर टाके घेऊन विणलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले. साधारण हजार वर्षांपूर्वीचे हे पायमोजे सुताचे आहेत, लोकरीचे नव्हेत! पुढे युरोपात ही कला लोकरीत रुजली आणि टोपी हा तिथला मोठा धंदा झाला. इंग्लंडमध्ये 1571 साली कायदाच झाला: सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावाराला देशात तयार झालेली विणलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दिवसाला 3 शिलिंग 4 पेन्स दंड. उमराव मंडळींना सूट होती. टोपी करणाऱ्यांचं पोट भरावं म्हणून केलेला हा कायदा 1597 मध्ये रद्द झाला.

त्या टोप्या करायची रीत मला फार महत्त्वाची वाटते. टोपी आधी भलीमोठी, ढगळ विणायची. मग गरम पाण्यात आणि साबणात चोळून, तुडवून आटवायची. लोकरीचे तंतू एकमेकांत अडकत, टाके दिसेनासे होत आणि पाणी सहजी आत शिरत नसे. आपल्या जेनामागेही लोकरीचा हाच गुण आहे. फ्रान्सची बेरे, स्कॉटलंडची टॅम, ट्युनिसची लाल शेशिया, या सगळ्या टोप्यांच्या मुळाशी हे आटवणंच. विसाव्या शतकात जमैकातल्या रास्ताफारी लोकांनी जटा मावाव्यात म्हणून मोठ्या, सैल टॅम वापरल्या. तिथे सैलपणाला स्वतःचं काम मिळालं. आजच्या स्लाउचीत तो शोभेसाठी राखलेला आहे.

आपल्याकडे सुया आल्या त्या साहेबाबरोबर. 1828 च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवायला घेतलं, नंतर पाचगणी वसली, शाळा निघाल्या. मिशनच्या शाळांत मुलींना शिवण-टिपण आणि विणकाम शिकवलं जाई. घराघरात ते पोचलं तेव्हा पहिला मान बाळाचा होता: टोपडं, मोजे, झबलं. कुंची कापडाची शिवायची आणि टोपडं लोकरीचं विणायचं, अशी वाटणीच झाली. 1962 च्या युद्धात देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. अपशिंग्यासारखं, पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावलेलं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे जवानाची कानटोपी कुणाला नवी नाही.

मग बाजारात अॅक्रिलिक आलं. 1950 मध्ये अमेरिकेत या धाग्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. आज आपण दुकानात 'लोकर' म्हणून मागतो तो गुंडा बहुतेक वेळा अॅक्रिलिकचाच असतो. तो स्वस्त, टोचत नाही, रंग हवे तितके. आणि तो आटत नाही! कितीही चोळा, टोपी मोठी विणली तर मोठीच राहणार. स्लाउचीला हे चांगलंच मानवलं.

माझं माप सांगते. आठ नंबरच्या सुयांवर 96 टाके घालायचे, दोन सुलट दोन उलट अशी दोन इंच रिब. मग सहा नंबरच्या सुया (आपल्याकडे नंबर लहान तितकी सुई जाड), आणि पहिल्याच ओळीत दर चार टाक्यांमागे एक वाढवायचा, म्हणजे 120. सगळा घोळ या एका ओळीत येतो. पुढे सुलट विणत जायचं. साधी टोपी आठ इंचांवर संपते, ही अकरापर्यंत न्यायची. शेंड्याला आठ भाग करून टाके कमी करायचे, उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून आवळायचा.

शेजारच्या काकू नवी लोकर घेत नाहीत. जुना स्वेटर उसवतात, खुर्चीच्या पाठीभोवती लडी करतात, कोमट पाण्यात भिजवून खाली तांब्या अडकवून वाळत टाकतात. कुरळा धागा दोन दिवसांत सरळ होतो. मागावरचं कापड असं सोडवता येत नाही, त्यात ताणा वेगळा, बाणा वेगळा. सुयांवरचं सगळं एकाच धाग्याचं. परवा त्यांच्या नातीची स्लाउची पूर्ण झाली. तिचा मळकट हिरवा रंग मी ओळखला: काकांचा स्वेटर.