अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि सुप्याची जळलेली खतं

पुण्यात भाड्याने फ्लॅट घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला प्रश्न म्हणजे ॲग्रीमेंट अकराच महिन्यांचं का, बारा का नाही. ब्रोकरला विचारा, तो म्हणतो असंच असतं, मालकाला विचारा, तो म्हणतो ब्रोकरला विचारा. उत्तर तसं सोपंय. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं, मग अकरा महिन्यांचा केला की ती फी आणि ते हेलपाटे वाचायचे. गंमत अशी की महाराष्ट्रात हे कारण पंचवीस वर्षांपूर्वीच संपलंय, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, तरी अकराचा आकडा काही जात नाही.

पण या अकरा महिन्यांच्या मागे बरीच मोठी भानगड आहे आणि ती नीट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं. माझ्या मते आपल्याकडच्या करारांची सगळी कथा एकाच भांडणाभोवती फिरते. कागदावर सही-अंगठा झाला की विषय संपला असं धरायचं, की तो अंगठा कुठल्या परिस्थितीत उठला हे कोर्टाने उकरून बघायचं? आणि या भांडणाची पहिली मोठी फेरी पुणे जिल्ह्यातच झाली, हे आपल्याला शाळेत एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात.

पेशवाईत कागद नव्हते असं अजिबात नाही, उलट ढिगांनी होते. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन द्यायचं, काही वर्षं करात सूट, पडीक जमीन लागवडीला आणायची तरी कौल. वतनाचा तंटा मिटला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद व्हायचा, त्यावर गावातले लोक साक्ष घालायचे, ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या कामाच्या हत्याराची निशाणी काढायचा, कुणब्या-पाटलाचा नांगर तर ठरलेलाच. आणि बलुत्यासारखा रोजचा व्यवहार म्हणाल तर त्याला कागदच नव्हता, सुताराने वर्षभर औतं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यायचा, हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. त्यात समता होती वगैरे म्हणायचा मोह नको, कुणी काय काम करायचं हे जन्मानेच ठरलेलं असताना संमतीचा प्रश्नच कुठे येतो. कर्जाला मात्र एक जुनी मर्यादा होती, दामदुप्पट, म्हणजे एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये.

मग इंग्रजांचं राज्य आलं आणि १८५५ मध्ये व्याजदरावरची जुनी बंधनं रद्द झाली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला, कर्जरोखा तीन वर्षंच चालणार. हेतू चांगला होता, की व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. पण सावकाराने काय केलं, दर तीन वर्षांनी कर्जदार कुळाला बोलवायचं, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचं आणि नवं खत, म्हणजे कर्जाचा नवा कागद, लिहून घ्यायचं. एकदा व्याज मुद्दल झालं की दामदुप्पट कशाला लावणार? खत लिहिणार सावकार, ठेवणार सावकार, वाचणार सावकार, आणि शेतकऱ्याचं काम काय तर अंगठा.

त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध. १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार हात सैल सोडून उधार द्यायला लागले, युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि उधारी आटली. सरकारी सारा तेवढ्यात वाढलेला. आणि नेमकं याच काळात, १८७२ मध्ये, भारतीय करार कायदा आला, १ सप्टेंबरपासून लागू. मसुदा लंडनमध्ये बसलेल्या कायदा आयोगाने केला होता. कायदा म्हणून फार रेखीव आहे, आजही तोच चालतो. कलम १० म्हणतं की करार करायला लायक असलेल्या लोकांनी, मुक्त संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर हेतूने केलेली कबुली म्हणजे करार. दोन बरोबरीची माणसं समोरासमोर बसून ठरवतायत असं चित्र त्यात आहे. सुप्याच्या बाजारात तसं चित्र नव्हतं.

१२ मे १८७५, सुपे, तेव्हा भीमथडी तालुका, आता बारामती. बाजाराला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, आणि मागणी काय तर वह्या आणि खतं बाहेर काढा. खतं दिली तर बऱ्याच ठिकाणी माणसाला हात लावला नाही, दिली नाहीत तर घर पेटवलं. पुढे हे लोण शिरूरकडे आणि नगर जिल्ह्यात गेलं. सरकारला १८५७ आठवलं, लष्कर आलं, धरपकड झाली, मग चौकशी आयोग बसला. त्या आयोगाच्या अहवालात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं उदाहरण आहे. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की लोकांना नेमकं माहीत होतं काय जाळायचं ते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला कागदाची ताकद बरोबर कळली होती, कदाचित कायदा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त.

आणि मग सात वर्षं जुन्या करार कायद्याला पहिला मोठा अपवाद करावा लागला, १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टाला सांगितलं की नुसतं खत बघू नका, व्यवहाराच्या मुळापर्यंत जा, पहिल्यांदा हातात किती पैसे पडले, नंतर किती फेडले, व्याज किती, सगळा हिशोब नव्याने मांडा. हप्ते बांधून द्या. पैशाच्या हुकूमनाम्यापायी, म्हणजे कर्जवसुलीच्या कोर्टाच्या आदेशापायी, शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. खतं गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहायची. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे न्यायाधीश म्हणून याच कायद्याखाली काम केलं. सावकार पण काही कच्चे नव्हते, त्यांनी कर्जरोख्याऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, तोंडी सांगायचं की पैसे फेडलेस की जमीन परत, कागदावर मात्र जमीन विकलेली. मग कायद्यात पुन्हा दुरुस्ती. हा उंदीर-मांजराचा खेळ आजपर्यंत चालू आहे.

भाड्याच्या घराचंही तेच झालं. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला, भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. युद्धानंतरच्या घरटंचाईत ते गरजेचंच होतं, पण पेठांमधल्या वाड्यांचं पुढे काय झालं ते आपण बघतोच, दोन पिढ्या त्याच खोल्यांत, भाडं चहाच्या बिलाएवढं, मालक कौलंसुद्धा बदलत नाही आणि भाडेकरू हलत नाही, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. मग मालकांनी वाट काढली की भाडेकरू म्हणायचंच नाही, लिव्ह अँड लायसन्स म्हणायचं, म्हणजे मी तुला फक्त राहायची परवानगी देतोय, जागेत तुझा हक्क शून्य. सरकारने १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूच मानलं. मालक आणखी घाबरले, कित्येकांनी फ्लॅट कुलूप लावून ठेवले पण भाड्याने दिले नाहीत. १९९९ च्या कायद्याने लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळायची सोय केली, नियंत्रित भाडं वर्षाला चार टक्के वाढवायला परवानगी दिली, आणि ती रजिस्ट्रेशनची सक्ती.

त्या सक्तीतला एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि केला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे डिपॉझिट किती दिलं यावर वाद झाला आणि कागद नसेल तर पहिलं पारडं भाडेकरूचं जड. आता हे रजिस्ट्रेशन घरी येऊन लॅपटॉपवर बोट टेकवून होतं. अंगठा परत आलाच म्हणा.

कागदाची भीती उलट बाजूनेही असते. १९४८ चा कूळ कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, कसणारा जमिनीचा मालक झाला. त्यानंतर ज्याच्याकडे जमीन उरली तो ती वाट्याने देताना कधी लिहून देईना, अजून देत नाही. अर्धेलीने दिलेली जमीन, बियाणं कुणाचं, खत कुणाचं, पाण्याची पाळी कुणी धरायची, सगळं बांधावर ठरतं. चालतं ते चांगलं, पण नुकसानभरपाई आली की सातबाऱ्यावर नाव मालकाचं आणि वाटेकऱ्याच्या हातात काही नाही.

काही ठरावांकडे तर कायदा बघायलाच तयार नसतो. पैज किंवा सट्टा, करार कायद्याचं कलम ३०, हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाऊ नका. लग्नाच्या याद्या घ्या, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून कार्यालय कुणाचं, जेवण कुणाचं, मानपान किती हे लिहितात, वर सह्यासुद्धा करतात, पण त्यात हुंडा असेल तर १९६१ च्या कायद्याने तेवढी कबुली रद्दबातल आणि वर गुन्हा. नवरा-बायकोत ठरलेल्या गोष्टींबद्दल इंग्लंडमधल्या कोर्टाने १९१९ मध्ये सांगितलं की घरातल्या अशा बोलण्यामागे कायद्याने बांधून घ्यायचा हेतू नसतो, सबब तो करार नाही. आपल्या कायद्यात कलम २५ आहे, जवळच्या नात्यात प्रेमापोटी, काही मोबदला न घेता दिलेलं वचनसुद्धा लेखी आणि रजिस्टर्ड असेल तर चालतं. पण १९०० मध्ये कलकत्ता हायकोर्टासमोर एक केस आली, नवऱ्याने बायकोला वेगळं राहायला पैसे द्यायचं रजिस्टर करून दिलेलं, आणि त्याच कागदात दोघांच्या भांडणाचं साग्रसंगीत वर्णन. कोर्ट म्हणालं यात प्रेम कुठे दिसतंय, करार रद्द. (आणि ज्याच्या नावातच पुणे आहे तो १९३२ चा पुणे करार, येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबरला झालेला, राखीव जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले, तोही कोर्टात नेता येण्यासारखा करार नव्हता, तो राजकीय तह. उपोषण गांधींचं होतं पण त्यावर सही गांधींची नाही. समोरचा उपोषणाने मरणाच्या दारात असताना बाबासाहेबांनी दिलेली संमती किती मुक्त होती हा वाद अजून मिटलेला नाही.)

फ्लॅट विकत घेणाऱ्यांसाठी हीच गोष्ट नव्या कपड्यात आली. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट खरेदीचा कायदा, बिल्डरने ॲग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, २०१६ च्या रेरा या केंद्राच्या कायद्यामध्ये ते दहा टक्के झाले. मधल्या पन्नासेक वर्षांत छापील ॲग्रीमेंटमध्ये काय काय असायचं, तुम्ही हप्ता चुकवलात तर मोठं व्याज, बिल्डरने दोन वर्षं उशीर केला तर चौरस फुटाला किरकोळ रुपये. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्यायच नव्हता, म्हणून त्या त्याच्यावर लादता येत नाहीत. त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्याच घातली. १८७९ मध्ये चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला जे मिळालं होतं, साधारण तेच हिंजवडीत नोकरी करून वाकडला फ्लॅट घेणाऱ्याला १४० वर्षांनी मिळालं. नोकरीचं म्हणाल तर नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, ट्रेनिंगच्या खर्चाचा बाँड मात्र वाजवी असेल तर टिकू शकतो, आणि ऑफर लेटर देताना एचआर हे दोन्ही सारख्याच गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवतात.

तोंडी व्यवहार सगळे वाईटच असतात असं नाही. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख आणि रक्कम ठरते, सुपारी, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली की झालं. फडमालकाला एका रात्रीची तारीख दोन गावांना देऊन चालत नाही, पुढच्या वर्षी तीच माणसं त्याच राहुटीसमोर येणार असतात.

पण हे जमतं कारण दोन्ही बाजूंना दुसरीकडे जाता येतं. ऊसतोडीला ते नाही. सुपे ज्या तालुक्यात आहे त्याच बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वरचे कारखाने, तिथे हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती पावसाळ्यात घरी खर्च झालेली. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार टोळी आणणाऱ्या मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी, आणि हंगाम संपताना उचल फिटली की नाही हे मुकादमाच्या वहीत. फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा कर्जापोटी कामाला बांधून ठेवायला बंदी करतो, पण कारखान्यात विचारलं तर तिथे या कामगारांशी केलेला कागदच नसतो, आणि जो काही हिशोब आहे त्या वहीवर यांची सहीसुद्धा नसते.