राष्ट्रवाद्यांची बहुराष्ट्रीय मोट : युरोपीय संसदेतील अतिउजव्या गटांची चाळीस वर्षे

मे २०२४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले असताना जर्मनीतल्या एएफडी पक्षाचे पहिल्या क्रमांकाचे उमेदवार माक्सिमिलियान क्राह यांनी एका इटालियन दैनिकाला मुलाखत दिली. हिटलरच्या एसएस दलाचा गणवेश घालणारा प्रत्येक जण आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असे ते म्हणाले. २३ मे रोजी ‘आयडेंटिटी अँड डेमोक्रसी’ या अतिउजव्या गटाने एएफडीच्या सगळ्याच खासदारांना बाहेरची वाट दाखवली. यात पुढाकार होता फ्रान्सच्या मरीन ल पेन यांच्या पक्षाचा. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे जाँ-मारी ल पेन यांनी, नाझींचे गॅस चेंबर हा महायुद्धाच्या इतिहासातला एक ‘तपशील’ असल्याचे १९८७ मध्ये म्हटले होते आणि त्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते. त्याच वडिलांनी उभा केलेला पक्ष आता जर्मन सोबत्याची बदनामी आपल्या अंगाला लागू नये म्हणून धडपडत होता.

हा प्रवास कळायचा तर आधी त्या सभागृहाची रचना पाहावी लागते. युरोपीय संसदेत खासदार देशवार बसत नाहीत, राजकीय गटांनुसार बसतात. स्पेनचा समाजवादी खासदार स्वीडनच्या समाजवाद्याशेजारी बसतो आणि स्पेनचाच उजवा खासदार सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला असतो. गट स्थापन करायला आज किमान २३ खासदार लागतात आणि ते किमान सात देशांतून निवडून आलेले असावे लागतात. गटाला मान्यता मिळाली की निधी, कार्यालय, कर्मचारी, चर्चेत जास्त वेळ आणि समित्यांच्या पदांवर हक्क सांगण्याची संधी मिळते. ज्यांना गट नाही त्यांच्या वाट्याला यातले फारच थोडे येते.

आपल्याकडे युती आणि आघाड्या सरकार बनवण्यासाठी होतात. तिथे सरकार बनवायचे नसते. युरोपीय आयोगाचा अध्यक्ष देशांचे प्रमुख सुचवतात आणि संसद त्यावर शिक्कामोर्तब करते किंवा नाकारते. त्यामुळे गटबांधणी होते ती साधनांसाठी आणि प्रतिष्ठेसाठी. ‘आमचा देश आधी’ म्हणत ज्यांनी हयात घालवली त्यांनाही सात देशांतले सोबती शोधल्याशिवाय तिथे गत्यंतर नाही. गेल्या चाळीस वर्षांतली जवळपास प्रत्येक जुळणी या संख्येच्या गरजेतून झाली, विचारांची जवळीक नंतर आली, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि बहुतेक फाटाफुटी एका राष्ट्रवादाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीला भिडल्यामुळे झाल्या.

संसदेची पहिली थेट निवडणूक १९७९ ची. मुसोलिनीच्या राजवटीचा वारसा सांगणाऱ्या इटलीच्या एमएसआय पक्षाचे चार खासदार त्या वेळी आले, पण त्यांना कोणी विचारले नाही. खरी सुरुवात १९८४ मध्ये झाली. जाँ-मारी ल पेन यांच्या नॅशनल फ्रंटने फ्रान्समधून दहा जागा जिंकल्या, एमएसआयने पाच आणि ग्रीसच्या एका पक्षाने एक. अशा १६ जणांचा ‘युरोपीय उजवा गट’ उभा राहिला. अटी तेव्हा सैल होत्या, तीन देश पुरले.

१९८९ ची निवडणूक मात्र जास्त बोलकी आहे. जर्मनीतून फ्रान्झ शोनहुबर यांच्या रिपब्लिकनर पक्षाचे सहा खासदार आले. शोनहुबर स्वतः एकेकाळी एसएसमध्ये होते. तिघांनी एकत्र यायला हरकत काय, असे वाटत असतानाच आड आला दक्षिण टिरोल. आल्प्समधला हा जर्मन भाषक मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. तिथल्या जर्मन भाषकांचा कैवार हा जर्मन राष्ट्रवाद्यांना जिव्हाळ्याचा विषय आणि तिथली इटालियन सत्ता हा एमएसआयच्या अस्मितेचा. एमएसआयने रिपब्लिकनरसोबत बसायला साफ नकार दिला. ल पेन यांनी इटालियन जुने मित्र सोडले आणि जर्मन नवे मित्र धरले. फ्रेंच दहा, जर्मन सहा आणि बेल्जियमच्या व्लाम्स ब्लोकचा एक, अशा १७ जणांनी आपल्या गटाच्या नावातच ‘तांत्रिक’ हा शब्द घातला.

त्याच वर्षी जुलैमध्ये स्ट्रासबर्गला नव्या संसदेची पहिली बैठक भरली. वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्याने उद्घाटनाचे भाषण करायचे, अशी प्रथा होती. १९७९ मध्ये हा मान फ्रेंच लेखिका लुईज वेस यांच्याकडे होता. १९८९ ला तो आला नॅशनल फ्रंटच्या तिकिटावर निवडून आलेले चित्रपट दिग्दर्शक क्लोद ओताँ-लारा यांच्याकडे. ८७ वर्षांचे ओताँ-लारा व्यासपीठावर उभे राहिले आणि समोरचे अनेक खासदार उठून बाहेर गेले. रिकाम्या होत चाललेल्या सभागृहात त्यांनी अमेरिकी संस्कृतीवर आग पाखडली. दोन महिन्यांनी, ऑशविट्झमधून वाचलेल्या सिमोन वेल यांच्याबद्दल अत्यंत हीन उद्गार काढल्याने त्यांना खासदारकी सोडावी लागली. ही आठवण संसदेने विसरली नाही. २००९ मध्ये ८१ वर्षांचे जाँ-मारी ल पेन त्या खुर्चीवर बसण्याची शक्यता दिसताच ज्येष्ठतेचा नियमच बदलण्यात आला आणि मावळत्या अध्यक्षांनी कामकाज सुरू करावे असे ठरले.

पुढची काही वर्षे अतिउजव्यांना जमेना. १९९४ मध्ये रिपब्लिकनर हरले आणि गट विरला. १९९९ मध्ये नॅशनल फ्रंट, इटलीचे बोनिनो गटाचे उदारमतवादी आणि नॉर्दर्न लीगमधले काही जण केवळ सोयीसाठी एकत्र आले. आमच्यात राजकीय मतैक्य नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून दिले. राजकीय जवळीक नसेल तर तो गट नव्हे, असे संसदेने म्हटले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये युरोपीय न्यायालयानेही तेच मान्य केले.

मग आले २००७. त्या वर्षी १ जानेवारीला रुमानिया आणि बल्गेरिया युरोपीय महासंघात दाखल झाले. पूर्वेकडच्या स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या पश्चिमेतल्या पक्षांना नेमक्या याच विस्ताराने हात दिला. ग्रेटर रुमानिया पक्षाचे पाच आणि बल्गेरियाच्या अताका पक्षाचा एक खासदार मिळताच संख्या भरली आणि १५ जानेवारीला ‘आयडेंटिटी, ट्रॅडिशन, सॉव्हरिन्टी’ हा गट जाहीर झाला. अध्यक्ष होते फ्रान्सचे ब्रुनो गोलनिश. गटात ल पेन पितापुत्री होते, ऑस्ट्रियाचे आंद्रेआस मोल्झर होते आणि बेनितो मुसोलिनीची नात अलेस्सांद्रा मुसोलिनी होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस रोममध्ये एका इटालियन स्त्रीवर जीवघेणा हल्ला झाला. संशयित रुमानियाचा नागरिक आणि रोमा (जिप्सी) या अल्पसंख्याक समाजातला होता. इटलीत संतापाची लाट उसळली आणि कायदा मोडणे ही रुमानियन लोकांची जगण्याची रीतच झाली आहे, अशा अर्थाचे विधान मुसोलिनी यांनी केले. ग्रेटर रुमानिया पक्ष हा घरी रोमा आणि हंगेरियन अल्पसंख्याकांविरुद्ध बोलण्यासाठीच ओळखला जात होता. त्यांचा राग होता तो रोमा आणि रुमानियन यांना एका मापाने मोजल्याचा. पाचही खासदार बाहेर पडले, २३ चे १८ झाले, आवश्यक आकडा २० होता. १४ नोव्हेंबरला गट संपला, त्याला पुरते एक वर्षही झाले नव्हते. ज्यांचे राजकारण परक्याकडे बोट दाखवून चालते त्यांच्यात कधी ना कधी सोबत्यावरच बोट रोखले जाते, हे इतक्या उघडपणे पुन्हा क्वचितच दिसले.

२००९ मध्ये अट कडक झाली : तेव्हा २५ खासदार, सात देश. त्याच वर्षी ब्रिटनच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी हुजूर पक्षाला मध्य-उजव्या युरोपियन पीपल्स पार्टीतून बाहेर काढले आणि पोलंडच्या लॉ अँड जस्टिस पक्षाला सोबत घेऊन ईसीआर (युरोपियन कन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स) हा वेगळा गट काढला. हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. हुजूर पक्ष ब्रेक्झिटनंतर निघून गेला, पण त्याने बांधलेले प्रतिष्ठित घर मागे राहिले आणि आज त्यात इटलीच्या जॉर्जिया मेलोनी यांचा पक्ष प्रमुख आहे.

मरीन ल पेन यांनी २०११ मध्ये पक्षाची सूत्रे घेतली. नोव्हेंबर २०१३ मध्ये हेग शहरात त्यांनी आणि नेदरलँड्सच्या गीर्ट विल्डर्स यांनी आघाडीची घोषणा केली. विल्डर्स इस्रायलचे कट्टर समर्थक. वडील ल पेन असते तर ते जवळही फिरकले नसते. २०१४ मध्ये नॅशनल फ्रंटने फ्रान्समध्ये पहिला क्रमांक मिळवत २४ जागा जिंकल्या. खासदार हवे तेवढे होते, देश मात्र पाचच. पोलंडच्या कॉर्विन-मिक्के यांना घ्यायला विल्डर्स तयार नव्हते, कारण स्त्रियांबद्दल आणि हिटलरबद्दल त्यांनी केलेली वक्तव्ये कोणालाही पचणारी नव्हती. ब्रिटनच्या नायजेल फराज यांनी ल पेन यांना ज्यूद्वेषाच्या मुद्द्यावर नकार दिला आणि इटलीच्या फाइव्ह स्टार चळवळीसोबत स्वतःचा गट जमवला.

फराज यांच्या गटातून १६ ऑक्टोबर २०१४ रोजी लाटव्हियाच्या एकमेव खासदार बाहेर पडल्या. सात देशांचे सहा झाले आणि गट त्याच क्षणी कोसळला. चार दिवसांनी तो पुन्हा उभा राहिला, कारण एक पोलिश खासदार आत आला. तो होता कॉर्विन-मिक्के यांच्याच पक्षाचा. जून २०१५ मध्ये ल पेन आणि विल्डर्स यांचाही गट अखेर जमला. कॉर्विन-मिक्के तोवर स्वतःच्याच पक्षातून दूर झाले होते. त्या पक्षाचे दोन खासदार आणि फराज यांच्या पक्षातून काढलेल्या एक ब्रिटिश बाई, एवढ्यावर सात देश भरले. या नव्या गटात जाँ-मारी ल पेन यांना जागा नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलीच्या पक्षाने त्यांची हकालपट्टीही केली.

२०१९ मध्ये इटलीच्या माटेओ साल्विनी यांच्या जोरावर हाच गट ‘आयडेंटिटी अँड डेमोक्रसी’ या नव्या नावाने ७३ खासदारांचा झाला. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्रीनगरला आलेले युरोपीय खासदारांचे पथक आपल्या वाचकांना आठवत असेल. तो दौरा युरोपीय संसदेचा अधिकृत नव्हता आणि त्यात मोठा भरणा होता तो अतिउजव्या पक्षांच्या खासदारांचा.) मात्र एव्हाना मूळ भूमिकाच बदलू लागली होती. ब्रेक्झिटचे हाल पाहून महासंघातून बाहेर पडण्याची भाषा मागे पडली आणि आत राहून महासंघाची दिशा बदलायची, असे ठरू लागले.

जुलै २०२१ मध्ये १६ पक्षांनी एक संयुक्त जाहीरनामा काढला. त्यावर ल पेन, साल्विनी, मेलोनी, पोलंडच्या लॉ अँड जस्टिसचे काचिन्स्की यांच्यासह हंगेरीच्या व्हिक्टर ओर्बान यांच्या पक्षाचीही सही होती. एकच मोठा गट होईल, अशी चर्चा झाली. तो झाला नाही. आधीपासून असलेला रशियाचा प्रश्न फेब्रुवारी २०२२ मधल्या युक्रेनवरील आक्रमणानंतर दरी होऊन बसला. पोलंडच्या राष्ट्रवाद्यांसाठी रशिया हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू आणि ओर्बान मॉस्कोशी संबंध राखून होते. स्थलांतरावर सगळ्यांचे सूर जुळतात असे वाटते, पण तिथेही हिशेब वेगळे आहेत. इटलीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्यांचा भार इतर देशांनी वाटून घ्यावा, अशी रोमची मागणी. पोलंड आणि हंगेरी एकही माणूस घ्यायला तयार नव्हते. जून २०२३ च्या शिखर परिषदेत मेलोनी यांनी या दोन मित्रांची समजूत घालून पाहिली आणि हात हलवत परतल्या. स्वतःच्या देशाचे हित जपणाऱ्यांबद्दल आपली तक्रार नाही, असे त्या म्हणाल्या.

२०२४ च्या निवडणुकीनंतर घर पुन्हा मांडले गेले आणि तीन गट झाले. ओर्बान यांच्या फिडेसला ईसीआरमध्ये जाता आले असते, पण रुमानियाचा एयूआर पक्ष तिथे घेतला गेला आणि रुमानियातल्या हंगेरियन अल्पसंख्याकांवरून त्यांच्याशी फिडेसचे हाडवैर. मग ओर्बान यांनी ३० जूनला व्हिएन्नात ऑस्ट्रियाच्या हर्बर्ट किकल आणि चेक प्रजासत्ताकाच्या आंद्रेय बाबिश यांच्यासह नवी हाक दिली. आठ दिवसांत ल पेन, साल्विनी, विल्डर्स आणि ईसीआर सोडून आलेला स्पेनचा व्हॉक्स असे १२ देशांतले ८४ खासदार ‘पेट्रियट्स फॉर युरोप’मध्ये जमले. ल पेन यांच्या पक्षाचे जॉर्डन बार्डेला अध्यक्ष झाले. ईसीआरकडे ७८ राहिले. कोणालाच नको असलेल्या एएफडीने आठ देशांतून २५ जणांचा आपला गट काढला. तिन्हींची बेरीज १८७ होते. सभागृहातल्या सर्वांत मोठ्या, युरोपियन पीपल्स पार्टीच्या गटाचे त्या वेळी १८८ खासदार होते.

या पक्षांना दूर ठेवण्याची रीत बेल्जियममध्ये १९८९ पासून रुजली. व्लाम्स ब्लोकशी कोणीही हातमिळवणी करायची नाही, असे तिथल्या पक्षांनी ठरवले होते. युरोपीय संसदेने जुलै २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या पेट्रियट्सना एकही उपाध्यक्षपद किंवा समितीचे अध्यक्षपद दिले नाही. ईसीआरला मात्र दोन उपाध्यक्षपदे आणि तीन समित्या मिळाल्या. पदांच्या वाटपात कुंपण टिकले, मतदानात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेनेझुएलाच्या ठरावावर पीपल्स पार्टीने उजवीकडच्या गटांची मते घेतली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपन्यांवरच्या पर्यावरण आणि मानवी हक्कविषयक जबाबदाऱ्या कमी करण्याच्या प्रस्तावावर समाजवादी आणि उदारमतवाद्यांशी तडजोड फिसकटली, तेव्हा तो प्रस्तावही याच मतांच्या बळावर मंजूर झाला. मला याची काळजी वाटते, कारण इथे कोणाला कोणाशी करार करावा लागला नाही, किंमत मोजावी लागली नाही. तीन गट एकमेकांशी भांडत राहिले तरी चालते. मध्य-उजव्यांना गरज असेल त्या दिवशी ती मते मोजणीला हजर असतात.