गाईंना गाणं कशाला? – पुस्तक वाचून दाखवणाऱ्यांसाठी

नमस्कार,

आमचं हे चित्रपुस्तक घरी नेल्याबद्दल आभार. मुलांना वाचून दाखवण्याआधी एवढं जरूर वाचा, कारण तिसऱ्या-चौथ्या पानावर ‘गाईंना गाणं कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो.

गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सासची, १८७०च्या दशकातली. तिथले काउबॉय दोन-तीन हजार गुरांचे कळप हाकत उत्तरेला कॅन्ससमधल्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे. दिवसाकाठी १५-२० किलोमीटर चाल, असे दोन-तीन महिने. रात्री गुरं बसली की दोन घोडेस्वार कळपाभोवती उलटसुलट दिशांनी फेऱ्या घालायचे, आणि सतत गायचे. अंधारात एखादं भांडं पडलं किंवा वीज कडाडली तरी अख्खा कळप उधळायचा. गाणारा माणूस मात्र गुरांना लांबूनच कळायचा, मग तो जवळ आला तरी ती दचकत नसत. गाणी घोड्याच्या चालीवर, संथ. भजनं, अंगाया, शब्द आठवले नाहीत तर नुसतं गुणगुणणं. आमच्या चित्रात एक गाय रवंथ थांबवून कान वळवते आहे, ती मुलांना शोधायला लावा.

आमची नायिका, गुरं हाकणारी काउगर्ल, काल्पनिक आहे, पण या वाटेवर बायका आणि मुलं खरोखर होती. १८७३मध्ये मार्गारेट बोरलँड या विधवा बाई स्वतःचा कळप घेऊन टेक्सासहून कॅन्ससमधल्या विचिटापर्यंत गेल्या. बरोबर त्यांची मुलं आणि लहानगी नातही होती.

काउगर्लला मराठीत काय म्हणायचं, यावर आम्ही बरेच दिवस घालवले. ‘गवळण’ म्हटलं की राधा आणि मथुरेचा बाजार डोळ्यांसमोर येतो. म्हणून ‘गुराखीण’ घेतलं. तुमच्या घरात काउगर्लच रुळलं असेल तर बिनधास्त तसं वाचा.

गाण्यांना आम्ही मुद्दाम चाल दिलेली नाही. तुमच्या आजीची अंगाई असेल, ओवी असेल, तिच्या चालीवर म्हणा. आवाज चांगला नाही म्हणून नुसतं वाचू नका. गाणाऱ्या काउबॉयांमध्येही बेसूर होतेच, आणि गुरं तरीही शांत बसायची. फक्त घाई नको. उधळण्याच्या पानावर आवाज चढवा, पुढच्या पानावर अगदी खाली आणा. शेवटच्या पानावर मजकूर नाही, तिथे गुणगुणा.

पानं जाड पुठ्ठ्याची आहेत. डाग पडला तर ओलसर फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका. बांधणी सुटलेली किंवा पान उलटं लागलेलं निघालं तर पुस्तक दुकानात आणा, लगेच बदलून देऊ.