वाकलंय, पण पडत का नाही?

इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या लिटल मोरटन हॉल या जुन्या लाकडी घराचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला की खाली हमखास एक प्रश्न येतो: हे घर पडत कसं नाही? भिंती कललेल्या, खिडक्या तिरक्या, वरचा मजला पाठीत वाकलेला. मला हे घर विलक्षण आवडतं.

खंदकाने वेढलेलं हे घर मोरटन घराण्याने 16व्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं आणि ते पुढे शंभरेक वर्षं वाढत गेलं. आज ते इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या सर्वांत वरच्या श्रेणीत आहे; 1938पासून त्याची देखभाल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

सांगाडा ओक या झाडाच्या टणक लाकडाचा आहे, आणि ओक ओला, म्हणजे ताजा तोडलेला, असतानाच कापून जोडत, कारण वाळल्यावर तो हत्यारं बोथट करतो. ओल्या लाकडात पाणी पेशींच्या पोकळीत असतं आणि पेशीभित्तीतही. पोकळीतलं आधी उडतं, तोवर आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांखाली गेला की भित्तीतलं पाणी सुटतं आणि लाकूड आटू लागतं. वाढीच्या वलयांना समांतर आटणं हे गाभ्याकडून सालीकडच्या आटण्याच्या जवळपास दुप्पट असतं. लांबीत मात्र नगण्य. म्हणून चौकोनी तुळई वाळताना चौकोनी राहत नाही.

त्यात भार. कायमच्या वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, ओलं असताना जास्तच, आणि वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. याला विसर्पण म्हणतात. इथे दक्षिणेकडच्या भागावर नंतर लांब दालन चढवलं, वर जड दगडी फरशांचं छप्पर. खालच्या तुळया वाकल्या त्या यामुळे.

मोडल्या का नाहीत? सांध्यात एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते; या दोन्हींतली खुंटीची भोकं सुतार मुद्दाम एकमेकांपासून किंचित सरकवून पाडत. मग वाळलेल्या ओकची खुंटी ठोकली की सांधा आपोआप आत ओढला जाई. असा सांधा थोडा फिरतो, पण निसटत नाही. तरी पुढे लांब दालनात पोलादी सळ्या घालाव्या लागल्याच.

अशा घरांचं लाकूड जुन्या जहाजांतून आलं, ही दंतकथा इंग्लंडभर सांगतात. बहुतेक ठिकाणी तिला पुरावा नाही. काळा-पांढरा रंगही बहुधा नंतरचा. मूळचा ओक उघडाच राहून रुपेरी झालेला असणार.

अंगणाकडच्या खिडक्यांवर 1559 साल कोरलंय. तिथे विल्यम मोरटनच्या नावासोबत सुतार रिचर्ड डेलचंही नाव आहे.