हिमोढ आणि मृदा: अंटार्क्टिकातील जुन्या बर्फपातळीचे दोन निरनिराळे साक्षीदार

ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेच्या उघड्या उतारांवर हिमनद्यांनी टाकलेला दगडगोट्यांचा थर, म्हणजे हिमोढ, आणि त्याच थरावर कालांतराने तयार झालेली मृदा यांना एकच पुरावा समजण्याची चूक सहज होते, कारण दोन्ही एकाच जागी सापडतात. प्रत्यक्षात हिमोढ सांगतो की बर्फ कुठपर्यंत पोहोचला होता, आणि मृदा सांगते की तो पृष्ठभाग किती काळ उघडा राहिला आहे.

हिमोढाची वरची कड उतारावरून दूरवर जोडत नेली की हिमनदीच्या जुन्या पृष्ठभागाची उंची आणि तिचा उतार दोन्ही हाती येतात. बर्फ कोणत्या दिशेने आला, हेही त्यातील दगडांवरून कळते. रॉस बेटावरील केनाइट हा ज्वालामुखी खडक मॅकमर्डो साउंड या समुद्रपट्ट्याच्या पलीकडे, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर आणि टेलर दरीच्या मुखाशी सापडतो. खंडाच्या आतील बर्फाच्या पठाराकडून उतरणाऱ्या हिमनदीने तो आणलेला असू शकत नाही. म्हणजे रॉस समुद्रात तळाला टेकलेला जाड बर्फ समुद्राच्या बाजूने दरीत शिरला होता. मात्र शेजारी-शेजारी असलेल्या दोन हिमोढांपैकी जुना कोणता, हे नुसत्या दगडांच्या ढिगावरून सांगणे अवघड असते.

तेथे मृदा उपयोगी पडते. या मृदेत वनस्पतींचा अंश जवळपास नसतो. पण हवेतून येणारे नायट्रेट, क्लोराइड आणि सल्फेट हे क्षार वाहून नेण्यास पाणीच नसल्यामुळे ते हजारो, काही ठिकाणी लाखो वर्षे साचत राहतात. लोहयुक्त खनिजांच्या ऑक्सिडीकरणाने आलेला तांबूस रंग खोलवर उतरतो, पृष्ठभागावरील शिळा फुटतात, वाऱ्याने घासल्या जातात. जेम्स बॉकहाइम, जॉर्ज डेंटन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हॅथर्टन हिमनदीच्या पातळीतील बदलांचा अभ्यास मांडला, तेव्हा हिमनदीने टाकलेल्या थरांचा क्रम लावण्यासाठी मृदेच्या अशाच खुणांचा आधार घेतला. या पर्वतरांगेतील हिमनद्यांवरच्या अशा कामातून दिसलेले चित्र मला फार महत्त्वाचे वाटते: शेवटच्या हिमयुगात मुखाकडील बर्फ कितीतरी जाड झाला होता, तर पठाराजवळ पातळी फारशी बदललेली नव्हती.

खरी गफलत हिमोढाच्या कडेच्या वर होते. तेथे खोल, क्षारांनी भरलेली मृदा दिसली की बर्फ तिथवर कधी आलाच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तळाशी खडकाला गोठून चिकटलेला बर्फ जवळजवळ सरकत नाही आणि खालची जमीन खरवडतही नाही; त्यामुळे त्याच्याखाली दबलेली जुनी मृदा शाबूत राहून पुन्हा उघडी पडू शकते. अशा बर्फाची खूण म्हणून कधीकधी जुन्या पृष्ठभागावर तुरळक परके दगडच उरतात. वैश्विक किरणांमुळे खडकात तयार होणाऱ्या बेरिलियम-१० या समस्थानिकाचे (खडक जितका जास्त काळ उघडा, तितके ते जास्त साचते) मोजमाप केले की हा विसंवाद उघड होतो: खालचा खडक फार जुना ठरतो, वर ठेवलेला दगड त्याहून पुष्कळ अलीकडचा. त्या दगडातही पूर्वीच्या उघडेपणाचा वारसा शिल्लक असू शकतो, म्हणून एकाच दगडावर विसंबता येत नाही.

क्षार साचण्याचा वेग समुद्रापासूनचे अंतर, उंची आणि हिमवृष्टी यांनुसार बदलतो. म्हणून एका दरीतील मृदेचे मोजमाप दुसऱ्या दरीला जसेच्या तसे लावू नये, आणि माझ्या मते मृदेकडून वर्षांचा आकडा न मागता केवळ आधी कोण, नंतर कोण हा क्रम मागावा.

ही काटेकोरी आजच्या मोजमापांसाठीही लागते. हिमोढाच्या कडेलाच बर्फाचा माथा मानले, तर जुन्या बर्फाची जाडी कमी धरली जाते. त्या बर्फाच्या ओझ्यातून मोकळी झालेली जमीन अजून वर उचलली जात आहे, आणि २००२ ते २०१७ या काळात ग्रेस उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणावरून नोंदवलेल्या अंटार्क्टिकाच्या वस्तुमानातील बदलांतून बर्फाची घट काढताना या उचलीचा परिणाम वेगळा करावाच लागतो.