बर्निनीच्या पुतळ्यांचा टेकू

संगमरवर दाब सहज सोसतो, ताण मात्र त्याला सोसवत नाही. खांब म्हणून तो शतकानुशतके उभा राहील. पण पुतळ्याचा हात आडवा पुढे काढला, की हाताच्या वजनाने खांद्यापाशी ताण येतो आणि तडा जाण्याची भीती तिथेच असते. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडक बदलतो, त्यातले कॅल्साइट या खनिजाचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकतात आणि संगमरवर तयार होतो. छिन्नीला तो मऊ लागतो, पण वाकत नाही. म्हणून प्राचीन रोममधले शिल्पकार पुतळ्याच्या पायाशी झाडाचा बुंधा ठेवत. कथेत झाड असो वा नसो, घोट्यांवरचा भार कमी करायला तो लागे.

इटालियन शिल्पकार जान लोरेंझो बर्निनी (१५९८–१६८०) याने या टेकूलाच कथेत जागा दिली. जन्म नेपल्सचा, वडील पिएत्रो शिल्पकारच, त्यामुळे दगड लहानपणापासून हाताखालचा. कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधला बडा धर्माधिकारी, शिपिओने बोर्गेझे याच्यासाठी १६२१ ते १६२५ या काळात, तिशीच्या आत, त्याने केलेली तीन शिल्पे पाहा. बायबलमधला वीर ‘डेव्हिड’ याच्या पायाशी लढाईआधी काढून ठेवलेले चिलखत आहे. पर्सेफनी या देवकन्येला उचलून नेणाऱ्या पाताळाच्या देवाच्या, प्लूटोच्या मागे पाताळाचा राखणदार असलेला तीन डोक्यांचा कुत्रा बसला आहे. आणि ‘अपोलो आणि डाफ्नी’मध्ये तर अपोलो देवापासून पळणारी मुलगीच झाड होते आहे! तिला वेढणारी साल हाच शिल्पाचा आधार. मला ही त्याची सर्वांत मोठी झेप वाटते.

तिच्या बोटांतून फुटणारी पाने इतकी पातळ आहेत, की छिन्नीचा जोरकस घाव त्यांना चालला नसता. गिरमिटाने छिद्रे पाडायची, मग कानशीने हळूहळू घासत जायचे. या नाजूक कामात जुलियानो फिनेल्ली या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता आणि त्याचे नाव इथे घ्यायलाच हवे.

प्लूटोची बोटे पर्सेफनीच्या मांडीत रुतलेली दिसतात, तिथे दगड मांसासारखा भासतो. खोलगट कोरीवकाम आणि त्यातली सावली हे एक कारण. दुसरे कारण संगमरवरातच आहे: प्रकाश त्याच्या पृष्ठभागावरून नुसता परतत नाही, थोडा आत शिरतो, स्फटिकांमध्ये विखुरतो आणि मग बाहेर येतो. आपल्या त्वचेतही असेच घडते.

दगड दगाही देतो. १६३२ मध्ये बोर्गेझेचा अर्धपुतळा पूर्ण होत आला असताना कपाळावर तडा उमटला. बर्निनीने नवा दगड घेऊन तोच चेहरा पुन्हा कोरला. दोन्ही पुतळे आज रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहेत.

त्याचा मोठा पराभव वास्तुकलेत झाला. रोममधल्या सेंट पीटर्स या भव्य चर्चवर उभारलेल्या त्याच्या घंटामनोऱ्याच्या भाराने खालच्या दर्शनी भिंतीत तडे गेले आणि १६४६ मध्ये मनोरा उतरवायचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी त्याने सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसाचे शिल्प हाती घेतले. त्यात ती ढगावर तरंगताना दिसते आणि वरच्या लपवलेल्या खिडकीतून तिच्यावर उजेड पडतो.