‘फ्रान्स’ ते ‘आयकॉन’: अजस्र क्रूझ जहाजांमागचा इतिहास

हिवाळ्यात रिकाम्या जहाजांचं करायचं काय, या व्यापारी अडचणीतून क्रूझ जन्माला आली. उत्तर अटलांटिक त्या दिवसांत खवळलेला असतो. युरोपातून अमेरिकेला जाणारे प्रवासी रोडावायचे आणि हांबुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीची महागडी जहाजं बंदरात नुसता खर्च खात उभी राहायची. कंपनीचे अल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवासी घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सहलीला धाडलं. या लोकांना कुठे पोचायचं नव्हतं, फिरून घरीच यायचं होतं. कल्पना इतकी चालली की १९०० मध्ये कंपनीने खास सहलींसाठी ‘प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ बांधलं. दिसायला मुद्दाम राजघराण्याच्या यॉटसारखं, म्हणजे खासगी सैरनौकेसारखं, आणि सगळ्या केबिन पहिल्या वर्गाच्या. १९०६ च्या डिसेंबरात ते जमैकाच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलं. प्रवासी सगळे वाचले, पण कप्तानाने स्वतःला गोळी घालून घेतली.

या पहिल्या क्रूझ जहाजाचं टनेज होतं ४,४०९. जगातलं सर्वांत मोठं क्रूझ जहाज म्हणून २०२४ मध्ये आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं आहे २,४८,६६३. हे ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. बातम्यांमध्ये ‘अडीच लाख टन वजनाचं जहाज’ असं सर्रास छापून येतं, ते चूक आहे. आणि गंमत अशी की जहाजं एवढी फुगली ती त्यांचं मूळ काम संपल्यानंतर.

हे समजून घ्यायला एकाच जहाजाची गोष्ट पुरते. फ्रान्समधल्या सेंट-नाझेर गोदीत ११ मे १९६० रोजी ‘फ्रान्स’ हे अटलांटिकपार प्रवासी नेणारं जहाज पाण्यात उतरलं. राष्ट्राध्यक्ष द गॉल समारंभाला हजर होते, नामकरण त्यांच्या पत्नीने केलं. लांबी ३१६ मीटर, टनेज ६६ हजारांवर, तीस नॉट्सच्या (ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या) वर पळण्याची ताकद आणि जहाजाला पुढे ढकलणारे चार पंखे. पण दीड वर्ष आधीच, ऑक्टोबर १९५८ मध्ये, अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली होती. जहाजाला जिथे पाच दिवस लागत, तिथे विमान काही तासांत पोचत होतं. इतकं देखणं आणि इतकं उशिरा आलेलं दुसरं जहाज शोधून सापडणार नाही. बारा वर्षं ते सरकारी अनुदानावर चाललं. १९७३ मध्ये तेल भडकलं, सरकारने अनुदान बंद करायचं ठरवलं, तेव्हा सप्टेंबर १९७४ मध्ये खलाशांनी संप करून जहाज ल हाव्र बंदराच्या तोंडाशीच नांगरून ठेवलं. त्यांची मागणी मान्य झाली नाही. जहाज गोदीच्या एका कोपऱ्यात बांधून पडलं.

तिकडे मायामीत दुसरंच काही शिजत होतं. १९६६ मध्ये नॉर्वेचे जहाजमालक क्नुट क्लोस्टर आणि त्यांचे भागीदार टेड अॅरिसन यांनी ‘सनवर्ड’ या जहाजावर मायामीहून बहामाजच्या सहली सुरू केल्या. पुढे दोघांचं बिनसलं. अॅरिसन यांनी १९७२ मध्ये कार्निव्हल ही क्रूझ कंपनी काढली आणि त्यांचं पहिलं जहाज ‘मार्डी ग्रास’ पहिल्याच फेरीत मायामीबाहेर वाळूत रुतलं. याच सुमारास रॉयल कॅरिबियन ही कंपनीही उभी राहिली. गिऱ्हाईक आता सुटीवर आलेला मध्यमवर्गीय अमेरिकन होता. त्याला ऊन हवं होतं, पोहण्याचा तलाव हवा होता, घाई अजिबात नव्हती.

१९७९ मध्ये क्लोस्टर यांनी ‘फ्रान्स’ विकत घेतलं आणि जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला नेऊन त्याचं ‘नॉर्वे’ केलं. त्या कामातली एक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते: चारपैकी दोन पंखे आणि त्यांना फिरवणारी यंत्रं बंद केली गेली. ज्या वेगासाठी जहाज बांधलं होतं, तोच आता फालतू खर्च ठरला होता. थंड अटलांटिकसाठी बंदिस्त ठेवलेले डेक उन्हासाठी मोकळे झाले. जहाज पाण्यात साडेदहा मीटर खोल बसायचं, त्यामुळे कॅरिबियन बेटांच्या उथळ बंदरांत ते शिरेना. मग प्रवाशांची ने-आण करायला दोन मोठ्या बोटी पुढच्या डेकवरच ठेवल्या. १९८० पासून ‘नॉर्वे’ मायामीहून गच्च भरून जाऊ लागलं. एवढं मोठं जहाज भरतं, हे बाकीच्या कंपन्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

नंतरची चढण वेगाने झाली. १९८८ मध्ये ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ आलं, ७३ हजार टनेजचं, आत पाच मजले उंच मोकळा चौक आणि काचेच्या लिफ्ट. १९९६ मध्ये ‘कार्निव्हल डेस्टिनी’ने लाखाचा आकडा ओलांडला. १९९९ मध्ये ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फावर स्केटिंग करायचं मैदान होतं. हिशेब साधा आहे: जहाज दुप्पट केलं म्हणून कप्तान दोन लागत नाहीत, माणशी इंधन कमी पडतं, आणि वरच्या मजल्यांवर बाल्कनीच्या केबिन वाढवल्या की त्यांना जास्त भाडं मिळतं. तंत्रानेही साथ दिली. १९९८ मध्ये क्रूझ जहाजांपैकी पहिल्यांदा ‘कार्निव्हल इलेशन’वर अॅझिपॉड बसले, म्हणजे तळाखाली सर्व दिशांना वळणारे विजेचे पंखे. त्यामुळे टगची, म्हणजे ओढून नेणाऱ्या छोट्या बोटींची, मदत न घेता भलंमोठं जहाज धक्क्याला लावता येऊ लागलं. ‘आयकॉन’ टनेजने ‘फ्रान्स’च्या जवळजवळ चौपट आहे, पण पाण्यात त्याच्यापेक्षा कमी खोल बसतं. वाढ झाली ती मुख्यतः रुंदीत आणि उंचीत.

उंचीने एकदा चांगलीच धाकधूक लावली. फिनलंडमधल्या तुर्कू गोदीत बांधलेल्या २,२५,२८२ टनेजच्या ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ला २००९ च्या ऑक्टोबरअखेरीस बाल्टिकमधून बाहेर पडायचं होतं, आणि वाटेत डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल होता, पाण्यापासून ६५ मीटर उंच. त्यासाठी धुराडी दुर्बिणीसारखी आत सरकणारी केली होती. तेही पुरेल याची खात्री नव्हती, म्हणून जहाज मुद्दाम वेगात नेलं. उथळ पाण्यात वेग घेतला की जहाज थोडं खाली बसतं. मध्यरात्री ते पुलाखालून गेलं तेव्हा वर जेमतेम दोन फूट जागा उरली होती.

खासगी यॉटची वाट वेगळी. इजिप्तच्या खेदिवासाठी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यासाठी, १८६५ मध्ये लंडनला बांधलेलं ‘महरूसा’ १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला होतं आणि ते आजही तरंगतं आहे. २०१३ मध्ये लांबीचा विक्रम जर्मनीच्या ल्यूर्सन गोदीच्या ‘अझ्झाम’कडे गेला: १८० मीटर. आतल्या जागेचा विचार केला तर २०१६ चं ‘दिलबर’ मोठं, टनेज १५,९१७. हा पैसा तेलाचा, राजघराण्यांचा, धनाढ्यांचा. क्रूझमागे मात्र हजारो सामान्य तिकिटं आहेत, म्हणून तिचा आकार वाढतच राहतो.

२७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून निघालेलं ‘आयकॉन’ ३६५ मीटर लांब आहे. त्यावर ७,६०० पर्यंत प्रवासी आणि २,३५० कर्मचारी मावतात. ते बहामाजच्या झेंड्याखाली नोंदलेलं आहे. मायामीहून फिरणारी बहुतेक क्रूझ जहाजं अशी परदेशी नोंदणीची असतात, त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्यांच्यावरच्या कामगारांना लागत नाही. कर्मचारी फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातून येतात. गोवा आणि कोकणाला हे नवीन नाही. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या काळापासून गोव्याचे स्टुअर्ड आणि रत्नागिरीकडचे खलाशी बोटीवर जात आले. गोव्यातल्या एकेका गावाने चालवलेले क्लब मुंबईत धोबी तलावाच्या आसपास होते, बोट मिळेपर्यंत माणसं तिथे मुक्काम करत. आजही ‘मुलगा बोटीवर असतो’ म्हणणाऱ्या घरांत तो बऱ्याचदा क्रूझवर असतो, सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर, आठवड्याचे सातही दिवस कामाला. या उद्योगाच्या इतिहासात जहाजांची नावं ठळक येतात, या माणसांची येत नाहीत, आणि ते मला खटकतं.

‘नॉर्वे’चा शेवटही त्यांच्याच जिवावर बेतला. २५ मे २००३ रोजी मायामी बंदरात बॉयलर फुटून आठ कर्मचारी मेले. पुढे २००८ मध्ये कंपनीने अमेरिकी न्यायालयात हलगर्जीपणाचा गुन्हा कबूल केला. जहाज पुन्हा प्रवासी घेऊन निघालंच नाही. ‘ब्ल्यू लेडी’ असं नवं नाव घेऊन ते २००६ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर आलं आणि १५ ऑगस्टला अलंगला भरतीवर चढवलं गेलं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी ओसरलं की ते चिखलात उभं राहतं आणि गॅस कटरने कापायला सुरुवात होते. कापणारे मजूर मुख्यतः ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशचे. जहाजात शेकडो टन अॅस्बेस्टॉस होतं, ते फुप्फुसात गेलं तर वर्षानुवर्षांनी माणूस मारतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २००७ मध्ये तोडायला परवानगी मिळाली. नाकाचं टोक तेवढं वाचलं. २००९ मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला आणि नंतर ते ल हाव्रला परत गेलं.

कोविडच्या वर्षी मोडीत निघणाऱ्या क्रूझ जहाजांची रांग वाढली. ‘सॉव्हरिन’ तुर्कस्तानच्या अलियागाला मोडीत निघालं. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत मोठ्या थाटात दाखल झालेलं ‘कर्णिका’, म्हणजे १९९० चं इटालियन बांधणीचं ‘क्राउन प्रिन्सेस’, २०२० च्या नोव्हेंबरात अलंगला पोचलं. टनेजने ते ‘फ्रान्स’पेक्षा मोठं होतं, पण त्यासाठी कुणी न्यायालयात गेल्याचं ऐकिवात नाही.

जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. भारताने त्यासाठी २०१९ मध्येच कायदा केला होता. ‘ब्ल्यू लेडी’त नेमकं काय आणि किती विषारी आहे यावरून न्यायालयात वाद घालावा लागला होता. आता तशी यादी नव्या जहाजाबरोबर बांधणीपासूनच असावी लागते, आणि जुन्या जहाजांना ती तयार करायला पाच वर्षांची मुदत आहे.